मोंढ्यातला आवाज

गंगाधर बप्पांना हळू बोलता येत नाही. प्रयत्न करत नाहीत असं नाही. एकदा आमच्या गल्लीतले एक म्हातारे वारले, तेव्हा अंगणात बसल्या बसल्या बप्पा माझ्या कानाशी लागले आणि त्यांच्या मते अगदी दबक्या आवाजात म्हणाले, “मास्तर, गडी नेमका कशानं गेला?” आतल्या खोलीतून मयताच्या मुलानं उत्तर दिलं, “हार्टानं गेले, बप्पा.”

यात बप्पांचा तरी काय दोष? त्यांची उभी हयात बीडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेली. एका अडत दुकानावर ते हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, पुकारायचे. तुरीच्या ढिगाशेजारी उभं राहून हमाल, ट्रक आणि व्यापारी यांच्या गोंगाटावरून भाव पुकारायचा, तर आवाज तसाच लागतो. मोंढा सुटला, पण पुकारणं सुटलं नाही. घरी भाजी काय करायची हेसुद्धा ते हर्रास लावून ठरवायचे. “दोडका एक वार, दोडका दोन वार, कुनाचं काय म्हननं?” आतून कौसाकाकू, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे म्हणायच्या, “घरात वांगी हायेत.” मग वांगी व्हायची. काकूंच्या वर बोली चढवायची हिंमत बप्पांनी कधी केली नाही.

त्या पिढीत बायकोला चारचौघांत नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. बप्पा मात्र गल्लीच्या तोंडापासूनच “कौसे” म्हणून हाक घालत यायचे. काकू लाजून पदर तोंडाला लावायच्या, आणि त्या हाकेवर चहाचं आधण ठेवायच्या.

काकूंचं विसरणं आधी मिठापासून सुरू झालं. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाही तर पडायचंच नाही. बप्पा दोन्ही प्रकारची भाजी मुकाट्यानं खायचे. मग एका दुपारी काकू घरातून निघाल्या आणि घाटनांदूरच्या एसटीत जाऊन बसल्या. घाटनांदूर त्यांचं माहेर. तिथं आता त्यांचं कुणीच उरलेलं नाही. कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून बरं. पुढं चुलीवर हात भाजून घेतला, तेव्हा पुण्याहून मुलगा आला. बप्पांचे गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. मुलानं पाटोद्याच्या रस्त्याला एक वृद्धाश्रम बघितला आणि काकूंना तिथं ठेवलं. बप्पा काकूंच्या साड्यांची घडी घालत बसले. एकही नीट बसेना.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नेम सुरू झाला. सकाळी डब्यात भाकरी-पिठलं घ्यायचं, टमटम पकडायची, आश्रमात जाऊन काकूंना स्वतःच्या हातानं भरवायचं आणि ऊन उतरल्यावर परत यायचं. तिथं शबाना नावाची एक मदतनीस होती. ती म्हणायची, “बप्पा, तुमीच हितं ऱ्हायला या की.” त्यावर बप्पा म्हणायचे, “मंग घराला कुलूप लागंल. ही एकदम घरी जाऊ म्हनली, तर कुलूप बघून बिचकंल न्हाई का?”

आणि मग कोरोना आला.

आश्रमाचं फाटक बंद झालं. टमटमा बंद झाल्या. बप्पा डबा घेऊन पायीच निघाले, तेव्हा चौकात पोलिसानं अडवलं.

“कुठं निघालाव बाबा?”

“बायकुकडं.”

“बायकू घरी नसती व्हय?”

बप्पा डबा तसाच घेऊन परत आले. ते पिठलं आम्ही दोघांनी माझ्या ओसरीवर बसून खाल्लं. बप्पांनी स्वतः केलेलं होतं. मीठ नव्हतं.

पुढं जरा सूट मिळाली, तसा मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. फाटक बंदच होतं. बप्पांनी कुंपणाच्या भिंतीला हात टेकले आणि मोंढ्यातला आवाज लावला. “कौसे, जेवलीस का?” काकू मागच्या खोलीत होत्या, त्या आल्याच नाहीत. पण बाकीच्या सगळ्या म्हाताऱ्या काठ्या टेकत बाहेर आल्या. एक जण म्हणाली, “आमचा सुभाष आला का वं?” दुसरीनं हात कपाळावर धरून भिंतीकडं बघत विचारलं, “कोन हाय? आमच्यातलं हाय का?” बप्पांनी प्रत्येकीला उत्तर दिलं. सुभाष येणार हाय म्हणाला, तुमचे बी येतेत, रस्ते बंद हायेत म्हणून अडकलेत. शेवटी व्यवस्थापक बाहेर आले आणि लांबूनच हात जोडून म्हणाले, “आजोबा, असं नका करू. तुम्ही गेल्यावर ह्या सगळ्या रडत बसतील.”

परत घराशी स्कूटरवरून उतरल्यावर बप्पा एवढंच म्हणाले, “त्यो सुभाष कुठला हाय, कळलं पायजेल.”

मग मुलानं कुरिअरनं मोठा मोबाइल पाठवला. रोज दुपारी शबाना व्हिडिओ कॉल लावून द्यायची. आमची शाळा बंदच होती, म्हणून फोन उचलून देण्याचं काम माझ्याकडं आलं. कॉल लागला की बप्पा फोन थेट कानाला लावायचे. पलीकडं पडद्यावर नुसता कान. त्या कानावरचे पांढरे केस, कानाची पाळी, फार तर चष्म्याची काडी. शबाना ओरडायची, “बप्पा, कान दिसायलाय. तोंडासमोर धरा.” मी दाखवून द्यायचो. बप्पा मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कान. काकू मात्र मजेत बोलत असायच्या. म्हैस व्याली का, ज्वारी पाखडून ठेवलीय का, असं पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं काहीबाही विचारायच्या. बप्पा सगळ्याला हो म्हणायचे.

गल्लीत हा हसण्याचा विषय झाला. मीही हसायचो. एके दिवशी मला राहवेना. त्यांच्या हातातून फोन घेतला आणि सरळ त्यांच्या तोंडासमोर धरला.

काकू बोलता बोलता थांबल्या. पडद्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच डोक्यावर पदर ओढला, परक्या माणसासमोर ओढतात तसा, आणि शबानाकडं वळून विचारलं, “ह्ये कोन हायेत?”

बप्पांनी झटक्यात फोन माझ्याकडून घेतला आणि कानाला लावला. “कौसे, म्या हाय.”

“आलाव व्हय,” काकूंचा आवाज एकदम खुलला. “हितं कोन तरी म्हातारं बसलंय बगा.”

“बसू दे. गेलं ते.”

कॉल संपल्यावर बप्पांनी फोन लुगड्याच्या जुन्या तुकड्यानं पुसला. “मास्तर, फोन कसा धरायचा ते मला पयल्याच दिवशी कळलंय. आवाज वळखती ती. तोंड न्हाई वळखत, भरवायला जायचो तवा शेवटी शेवटी कळलं. तिच्या डोक्यातला मी जवान हाय. मंग ह्ये थोबाड दाखवून तिला कशाला भेव घालायचं?”

त्यानंतर मी फोन फक्त उचलून देत असे.

दुसऱ्या लाटेत आश्रमात ताप शिरला. काकूंना वेगळ्या खोलीत ठेवलं आणि कॉल बंद झाले. त्या दिवसांत बप्पांच्या घरातून काही ऐकू येईना. सकाळी खाकरण्याचा आवाज आला की माझी बायको म्हणायची, “हायेत.” सांगवीकडच्या एक आजी गेल्या, त्यांच्या मागून आणखी कुणी गेलं. मग एका दुपारी शबानाचा फोन आला. काकूंनी पेज खाल्ली होती. बप्पांनी ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसले.

फाटक उघडलं तेव्हा सगळ्यांना मास्क सक्तीचा होता. बप्पा आत गेले, तोंड झाकलेलं, आवाज मोकळा. काकूंनी ओळखलं. हात धरून बसल्या. पुढं लोकांचे मास्क गळ्यात आले, मग खिशात गेले, मग दिसेनासे झाले. बप्पांचा मास्क मात्र आश्रमाच्या फाटकाशी रोज चढतो. टमटमवाले चेष्टा करतात, “बप्पा, कोरोना गेला.” बप्पा म्हणतात, “तुमचा गेला आसंल.”

परवा मी त्यांच्यासोबत गेलो होतो. सीताफळांचे दिवस. कडुलिंबाखाली बाकावर दोघं बसले होते. काकूंच्या मांडीवर वाटी, वाटीत शबानानं दिलेलं सीताफळ. बप्पा मोंढ्यातलं काही सांगत होते. काकूंनी थोडा गर उचलला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. मास्क आडवा आला. बप्पा मागं सरकायच्या आत काकूंनी तो खाली ओढला.

हात तसाच राहिला. त्यांनी बप्पांचं तोंड नीट बघितलं. मग गर वाटीत ठेवला आणि पदर डोक्यावर घेतला.

“बसा, पाव्हनं,” त्या म्हणाल्या. “ह्ये आत्ता हितंच व्हते. येतील इतक्यात. तवर खा.”

त्यांनी वाटी पुढं केली. बप्पांनी ती घेतली. काहीएक न बोलता सगळं सीताफळ खाल्लं, बिया तळहातात धरल्या. मग उठले, लिंबाच्या मागं गेले, बिया टाकल्या, धोतराला हात पुसला आणि मास्क वर ओढला.

“कौसे.”

“कुठं गेलताव?” काकू म्हणाल्या. “एक पाव्हनं आलतं. लई थकलेलं. बोललं बी न्हाई बिचारं.”

“मंग? खायाला दिलंस का काई?”

“दिलं की. सीताफळ दिलं.”

“बरं केलंस,” बप्पा म्हणाले आणि त्यांच्याजवळ बसले.

“पुना आलं तर च्या देऊ.”

“देऊ की.”