बजाबा सशाचं पथ्य

एका जंगलात, बाळांनो, एक ससा राहत होता आणि त्याला एकही पिल्लू नव्हतं.

हसू नका. माणसांत असं झालं तर शेजारीपाजारी निदान दबक्या आवाजात बोलतात. सशांत तसं नसतं. सशांत तोंडावर विचारतात, आणि रोज विचारतात.

सशाचं नाव बजाबा. बायकोचं नाव हौसा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तेवढ्यात दुसऱ्या जोडप्यांनी अख्खी आळी वसवली असती. शेजारच्या सखोबाला सत्तेचाळीस पिल्लं होती. त्यांची नावं लक्षात राहत नाहीत म्हणून तो सगळ्यांना 'ए गड्या' अशी हाक मारायचा. मुलींनासुद्धा.

हा सखोबा रोज सकाळी बिळाच्या तोंडाशी येऊन विचारायचा, "काय बजाबा, गोड बातमी?"

बजाबा म्हणायचा, "गवत बरं आलंय यंदा."

आता खरं काय झालं होतं ते सांगतो. लग्न झालं तेव्हा बजाबाला चांगली उमेद होती. उमेद म्हणजे काय, हे आईला विचारू नका. बाबांना तर मुळीच विचारू नका, त्यांना वाईट वाटेल. तर उमेद होती. पण जो तो विचारायला लागला. सासूबाई निरोप धाडायला लागल्या. जातीतले म्हातारे पाठीवर थाप मारून "अरे, ससाच ना तू?" म्हणायला लागले. आणि बजाबाची उमेद बिळाच्या मागच्या तोंडाने जी बाहेर पडली ती परत आली नाही. दिवस मावळला की नवराबायको तांदळाच्या दोन पोत्यांसारखी शेजारी शेजारी पडत. त्यातलं एक पोतं घोरायचं.

एक दिवस हौसाने सांगून टाकलं.

"पिल्लांचं जाऊ दे," ती म्हणाली. "लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही हो. मी आहे की गेले, तुम्हाला पत्ता नसतो. बोरं पिकेपर्यंत मी वाट बघीन. तोवर पहिल्यासारखे झालात तर ठीक. नाहीतर मी माहेरी जाईन, आणि मग मला न्यायला येऊ नका."

हौसावर बजाबाचा फार जीव होता. तिच्याशिवाय बीळ म्हणजे नुसतं भोक. त्याने लगेच जाऊन बोरीखाली मान वर करून बघितलं. बोरं अजून हिरवीगार होती. पिकायला दीडदोन महिने तरी होते.

मग त्याने चार जणांना सल्ला विचारला. इथेच तो चुकला.

अस्वल म्हणालं, मध खा. रानडुक्कर म्हणालं, कंद खा. माकड म्हणालं, शेवग्याच्या शेंगा खा, आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या तेच. ज्याला जे आवडत होतं ते त्याने औषध म्हणून सांगितलं. शिवाय पोपट होतेच. त्या जंगलातले पोपट दिवसभर एकमेकांना ऐकवत फिरायचे, "उपाशीपोटी कच्चा कांदा, आजमावलेला उपाय, दहा जणांना सांगा." खरं-खोटं कुणी बघत नसे. दहा जणांना मात्र सगळे सांगत.

बजाबाने सगळं खाल्लं. कांदा खाल्ला, तर हौसा चार दिवस नाकाला पदर लावून दुसऱ्या कुशीवर झोपली. उडदाचे लाडू खाल्ले, तर पाचव्या दिवशी त्याचं त्यालाच बिळात थांबवेना. शेवग्याच्या शेंगांनी जबडा दुखायला लागला आणि मधाबरोबर दोन मधमाश्या आल्या.

शेवटी सखोबा कानात म्हणाला, "कुहिलीच्या बिया खा. माझ्याकडे बघ."

कुहिली म्हणजे खाजकुइली, बाळांनो. तिच्या बियांत गुण असतो असं म्हणतात. पण शेंगेवर जी बारीक लव असते ती आधी काढायची असते. ते सांगायला सखोबा विसरला. सत्तेचाळीस पिल्लांच्या बापाच्या काय काय लक्षात राहणार?

बजाबाने शेंग अख्खी खाल्ली. थोड्याच वेळात तो बिळाभोवती उड्या मारायला लागला. कधी झाडाला अंग घासायचा, कधी लोळायचा, मध्येच दोन पायांवर उभा राहून कमरेतून हलायचा. हौसा बाहेर आली. बघतच राहिली. दोन वर्षांत तिने त्याला असं कधी बघितलं नव्हतं. तिने मिशा सारख्या केल्या.

"आज फार रंगात दिसताय," ती हळूच म्हणाली.

"रंग कसला गं," बजाबा म्हणाला. "गव्याचं शेण कुठं मिळेल ते बघ आधी."

खाजेवर शेण लावतात. हौसाने मावळेपर्यंत नवऱ्याला शेण फासलं. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही.

आता एकच जागा उरली होती. ओढ्यापलीकडे दामोदरशास्त्री नावाचं उदमांजर वैद्यकी करायचं. स्वतः ब्रह्मचारी. त्याच्या ढोलीवर मोठी पाटी होती, 'गुप्त सल्ला. निराश होऊ नका. एकदा भेटा.' त्यातला 'गुप्त' हा शब्द पार डोंगरावरून वाचता यायचा. खाली रांग असायची आणि रांगेतल्या प्रत्येकाने तोंडासमोर पळसाचं पान धरलेलं असायचं. बजाबाच्या पुढे साक्षात सिंह उभा होता. पान लहान आणि आयाळ मोठी, त्यामुळे सगळ्यांनी त्याला ओळखलं. ओळख मात्र कुणी दाखवली नाही. जंगलात तेवढी सभ्यता होती.

दामोदरशास्त्रींनी बजाबाची नाडी बघितली, जीभ बघितली, कान उलटे करून बघितले.

"अश्वगंधा, शतावरी, पांढरी मुसळी आणि गोखरू," ते म्हणाले. "सगळं कुटून खडीसाखरेबरोबर, सकाळ-संध्याकाळ. वर चिमूटभर जायफळ."

"आणि गुण येईल?"

"बजाबा, औषध काय, कुणीही कुटतं. खरं असतं ते पथ्य." शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "चाळीस दिवस आंबट नाही. दुपारची झोप नाही. आणि बायकोच्या जवळ जायचं नाही. वेगळ्या बिळात झोपायचं. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

बजाबा गोंधळला. "पण शास्त्रीबुवा, मी त्याचसाठी तर औषध घेतोय ना?"

"लोणचं घातल्या दिवशीच बरणीत हात घालतोस का? मुरू दे आधी. आणि एक लक्षात ठेव. एकदा जरी पथ्य मोडलं तर मागचं सगळं वाया. पुन्हा पहिल्या दिवसापासून."

बजाबाने कानांवर चाळीस दिवस मोजले. पुन्हा पुन्हा कान मोजून झाल्यावर त्याला कळलं की बोरं पिकायच्या आत औषध एकदाच पुरं होऊ शकतं. चुकायला जागा नव्हती. त्याने तिथल्या तिथे शपथ घेतली.

पहिले तीन दिवस त्याला फार बरं वाटलं, खरं सांगायचं तर. सखोबाने "गोड बातमी?" विचारलं की तो तोऱ्यात म्हणायचा, "पथ्य चालू आहे." सखोबा निमूट परत जायचा. आजाऱ्याला कोण काय बोलणार? संध्याकाळ झाली की वेगळ्या बिळात हातपाय ताणून झोपायचं. कुणाला काही दाखवून द्यायचं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो ओढ्यावर गेला, तर हौसा दंवाने मिशा धूत होती. बजाबाने झटकन मान वळवली. पण तेवढ्यात त्याला दिसलं की तिच्या डाव्या कानाच्या टोकाला एक पांढरा ठिपका आहे. हा ठिपका आधीपासून होता? दोन वर्षं? त्या दिवशी त्याला दुसरं काही सुचलं नाही.

सहाव्या दिवशी तो ठिपका बघायला म्हणून पुन्हा ओढ्यावर गेला. आठव्या दिवशी हौसाच लवकर आली होती. मिशा तिने आधीच धुतल्या होत्या आणि आता पुन्हा धूत होती.

अकराव्या दिवशी दोघं करवंदाच्या जाळीच्या दोन बाजूंना बसली. मध्ये काटे, पानं आणि दामोदरशास्त्री.

"बघायचं नाही असं म्हणालेत," बजाबा जाळीकडे पाठ करून म्हणाला.

"बोलायचं नाही असं म्हणालेत का?"

"ते राहिलं सांगायचं."

"मग बोला की."

"तुझ्या कानावर ठिपका आहे."

हौसाने पंजाने तो कान चाचपला. मग म्हणाली, "लग्नात आईने काजळ लावलं होतं त्याच्यावर. दिसू नये म्हणून."

बजाबाला त्या सासूचा इतका राग आला की त्याच्या अंगावरचे केस उभे राहिले. तिथून पुढे तो रोज जाळीशी यायला लागला. सगळीकडे बघून, कान पाडून, चोरासारखा. स्वतःच्या बायकोला चोरून भेटणारा असा ससा त्या जंगलात आजवर झाला नव्हता. हौसा जाळीतून कोवळं गवत सरकवायची. पंधराव्या दिवशी गवताबरोबर तिचा पंजाही जाळीत आला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

सतराव्या दिवशी, दुपारी, पथ्य मोडलं.

कसं मोडलं ते मी सांगणार नाही. जाळीत मोठं भगदाड पडलं एवढंच दुसऱ्या दिवशी लोकांना दिसलं. रानडुक्कर गेलं असेल असं सगळे म्हणाले.

संध्याकाळी बजाबा भानावर आला आणि रडायलाच लागला.

"हौसे, घात झाला. सगळं औषध वाया गेलं. आता बोरं पिकायच्या आत काही पुरं होत नाही. तू माहेरी जाणार."

हौसाने त्याच्याकडे नीट बघितलं. आपला नवरा भोळा आहे हे तिला माहीत होतं. इतका भोळा असेल असं वाटलं नव्हतं.

"यंदा बोरं उशिरा पिकणार असं दिसतंय," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी शास्त्रीबुवांकडे जा. खरं ते सांगा. आणि पुन्हा पथ्य घेऊन या."

शास्त्रीबुवा फार रागावले. "सतरा दिवससुद्धा निघत नाहीत? असा कच्चा रोगी मी पाहिला नाही. चल, पहिल्या दिवसापासून."

दुसऱ्या खेपेला बजाबाने मन घट्ट केलं. एकोणीस दिवस निघाले. तिसऱ्या खेपेला चौदाच, कारण मध्ये चांगलं ऊन पडलं होतं. दर खेपेला तो मान खाली घालून ढोलीशी जायचा, बोलणी खायचा आणि नवी पुडी घेऊन यायचा. मधल्या काळात सहा पिल्लं झाली. मग पाच. मग सात. बोरं दोनदा पिकून गळून गेली आणि हौसाने एकदाही माहेरचं नाव काढलं नाही.

बजाबा मात्र आतून खचला होता. जंगलात सगळ्यांची औषधं पुरी झाली. सिंहाने चाळीस दिवस पाळले, तो बरा झाला असं त्यानेच सगळ्यांना सांगितलं. सिंहीण काही बोलली नाही. फक्त बजाबाचंच औषध पुरं होत नव्हतं. अठरा पिल्लं मागे घेऊन तो रांगेत उभा राहायचा, तोंडासमोर पान धरून.

एकदा दामोदरशास्त्रींनी त्याला बघितलं आणि त्यांना दया आली.

"बजाबा," ते म्हणाले, "तुझ्याच्याने हे होणार नाही. काही प्रकृतींना औषध लागूच पडत नाही, ते तरी आता मान्य करू. जा, तुला पथ्य माफ. आंबट खा. दुपारी झोप. बायकोपाशी राहा, मनाला येईल तसं वाग. मी काही विचारणार नाही."

बजाबा घरी आला. हौसाला सांगितलं. दोघं एका बिळात राहायला लागली. राजरोस. सखोबा सकाळी येऊन म्हणाला, "वा वा, आता तर काय, मोकळीकच. होऊ दे अजून अठरा."

त्या संध्याकाळी बजाबाने जांभई दिली.

दुसऱ्या दिवशीही दिली. तिसऱ्या दिवशी हौसाला घोरणं ऐकू आलं. चौथ्या दिवशी ती मुद्दाम त्याच्यासमोर बसून मिशा धुवायला लागली. बजाबा म्हणाला, "जरा सरक, वारा येऊ दे."

हौसाने मिशा तशाच ओल्या ठेवल्या. ती उठली, ओढा ओलांडून गेली आणि रांगेत न थांबता, तोंडासमोर पान न धरता, थेट ढोलीत शिरली.

"शास्त्रीबुवा," ती म्हणाली, "ह्यांचं पथ्य परत द्या."

शास्त्रीबुवांना गहिवरून आलं. एवढ्या वर्षांत आपलं महत्त्व कळलेली ही पहिलीच बाई. "शाबास," ते म्हणाले. "पण पाळायला जमेल ना तुम्हाला, चाळीस दिवस?"

"चाळीस नको," हौसा म्हणाली. "ऐंशी द्या. आणि जरा कडक द्या. त्यांना वर्षभर पुरलं पाहिजे."

तात्पर्य : औषध कोणतंही चालेल. फक्त पथ्य सांगणारा कडक असावा आणि पाळणारा कच्चा.