चष्मेवाल्यांची पिस्तूल कोळंबी

"एका महिन्यात! एका महिन्यात त्या दातवाल्यापेक्षा मोठी जोडी आपल्या घरात नाही आणली, तर दुकानाची पाटी उतरवून ठेवीन!"

चष्मेवाल्यांनी ही प्रतिज्ञा गाडी चालवताना केली. सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता आणि मागचे तिघे जीव तोडून हॉर्न वाजवत होते. शेजारी बसलेली त्यांची बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आधी गाडी पुढे न्या."

दातवाला म्हणजे दातांचा डॉक्टर, म्हणजे चष्मेवाल्यांचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. साडू हे नातं मोठं विचित्र! ना भाऊ, ना मित्र. एकाच सासऱ्यानं पसंत केलेली ही दोन माणसं. त्यांत सरस कोण, याचा निकाल सासरा गेला तरी लागत नाही. चष्मेवाल्यांनी डॉक्टरांचा मोठा फ्लॅट सहन केला होता. डॉक्टरांचं इंग्रजी सहन केलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर इतके दाट, काळेभोर केस, तेही दात-ओठ खाऊन सहन केले होते. पण त्या रविवारी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात जे बघितलं, ते मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

समुद्राच्या पाण्याची टाकी तिथे सहा वर्षं होती, पण त्या दिवशी तिच्यात नवे पाहुणे होते. त्यात एका दगडाखाली बीळ, आणि बिळाच्या दारात बोटभर लांबीचा एक पिवळा मासा राखणदारासारखा बसलेला. आतून एक कोळंबी सारखी ये-जा करत होती. बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर आणायची, टाकायची, परत आत. पण बाहेर असेपर्यंत तिची एक लांब मिशी माशाच्या अंगाला टेकलेलीच!

"हा गोबी मासा," डॉक्टर सांगत होते, "आणि ही पिस्तूल कोळंबी. हिला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून घर खणायचं काम हिचं आणि पहारा याचा. धोका दिसला की हा शेपटी हलवतो, ती आत पळते."

दिसत नाही म्हटल्यावर खरं तर सगळ्यांनी वळून चष्मेवाल्यांकडे बघायला हवं होतं. बावीस वर्षं चष्म्यांचं दुकान चालवणारा माणूस खोलीत बसला होता! पण एकानंही बघितलं नाही. सगळे माशाकडे बघत होते. चष्मेवाल्यांची बायको तर टाकीला नाक लावून बसली होती.

"बाई गं! किती जपतो तिला!" ती धाकटीला म्हणाली. "नाहीतर काही घरांत बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात उभी असते आणि आतला प्राणी पेपरातून डोकं वर काढत नाही!"

आतला प्राणी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. तिथेच ठिणगी पडली.

खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे आज आणली आणि उद्या मासा सोडला, असं नसतं. पाणी मुरावं लागतं. त्यात चष्मेवाल्यांचा एक महिना गेला, दुसराही गेला. दुकानाची पाटी मात्र जागेवरच राहिली. अखेर पाणी तयार झालं आणि चष्मेवाले माशांच्या दुकानात गेले. दुकानाची मालकीण पोक्त आणि सावकाश बोलणारी बाई होती. बोलायला लागली की वधू-वर सूचक मंडळ चालवते असं वाटावं.

"जोडी जमवायची म्हणजे घाई नको," त्या म्हणाल्या. "प्रत्येक गोबीचं कोळंबीशी जमत नाही. हा पिवळा घ्या. शांत आहे, घरात राहणारा आहे. सोबत ही बारीक पट्ट्यांची कोळंबी. आठवड्यात एका बिळात नांदायला लागतील."

"पिवळा नको!" चष्मेवाले ओरडलेच. "पिवळा साडूकडे आहे!"

"मग हा घ्या, लाल पट्ट्यांचा."

"हा तर साडूच्या पिवळ्यापेक्षा लहान आहे!"

बाईंनी चष्मेवाल्यांना नीट न्याहाळलं. चष्मेवाल्यांची नजर तेवढ्यात कोपऱ्यातल्या टाकीवर खिळली होती. तिथे एक ऐटबाज मासा होता, वीतभर लांब, पांढराशुभ्र, अंगभर नारिंगी ठिपके!

"हा! हा गोबीच ना?"

"गोबीच. पण याला आम्ही चाळणमास्तर म्हणतो. दिवसभर तोंडात वाळू घेतो, चाळतो आणि कल्ल्यांतून उडवतो. टाकी स्वच्छ ठेवतो, पण कोळंबीबरोबर संसार करणाऱ्यातला नाही हो हा! आला दिवस आपल्या तंद्रीत."

"सहवासानं जमतं," चष्मेवाले स्वतःच्या लग्नाच्या अनुभवावरून म्हणाले. "आणि कोळंबी सगळ्यांत मोठी द्या!"

"मोठी आहे एक. पण पिस्तूल हे नाव उगाच नाही पडलं बरं का. रागावली की ती नांगी अशी काही..."

पुढचं चष्मेवाल्यांनी ऐकलंच नाही. वीतभर गोबी बघून साडूचा चेहरा कसा होईल, हे ते मनातल्या मनात बघत होते. तो चेहरा फार सुंदर दिसत होता.

घरी आल्यावर मोठ्या कोळंबीनं टाकीत पाऊल टाकलं, मधल्या दगडाखाली शिरली आणि जी गडप झाली ती झालीच! चाळणमास्तरांनी मात्र लगेच कामाला सुरुवात केली. तोंडभर वाळू घ्यायची, वर जायचं आणि उधळायची. दोन दिवसांत टाकीत वाळूचं वादळ उठल्यासारखं दिसायला लागलं. बायको समोर उभी राहून विचारायची, "जोडी कुठाय?"

"आत आहे. घर लावतेय."

"आणि हा?"

"हा... हा तिला सामान पुरवतोय."

"अस्सं," बायको म्हणायची आणि पर्स उचलून धाकटीकडे जोडी बघायला जायची. संध्याकाळी परत आली की पिवळ्या माशाचं कौतुक जेवण संपेपर्यंत चालायचं. चष्मेवाले भाताचा घास वाळूसारखा चावत बसायचे. "कुणीतरी घेऊन जा रे या चाळणमास्तराला!" असं ते रोज एकदा तरी म्हणायला लागले.

तरीही खुमखुमी जाते थोडीच! रविवारी पाच वाजता त्यांनी साडूला सहकुटुंब चहाला बोलावलं. तोपर्यंत जोडी जमेलच, असा त्यांचा हिशोब होता.

रविवारी साडेतीनला चष्मेवाले टाकीची काच पुसत होते. तेवढ्यात आवाज आला.

टक्!

काचेचा आवाज! काचेत हयात गेलेल्या माणसाला काचेचा आवाज कळणार नाही? चष्मेवाल्यांनी हातातलं फडकं टाकलं. त्यांनी दुकानातलं भिंग आणलं आणि काचेवरून फिरवायला सुरुवात केली. उजव्या कोपऱ्यात, खालून वर जाणारी, सुतासारखी बारीक रेघ!

"तडा गेलाय!"

टक्!

"वाढतोय!"

घर तिसऱ्या मजल्यावर. टाकीत दोनशे लिटर पाणी. आणि बरोबर खाली वकीलसाहेबांचं ऑफिस, छतापर्यंत फायलींनी भरलेलं! बायको धावत आली. "डॉक्टरांना फोन करा. सहा वर्षं टाकी आहे त्यांच्याकडे, त्यांना कळेल."

"त्याला? मेलो तरी नाही!"

चष्मेवाल्यांनी रबरी नळी घेतली, एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून जोरात ओढलं. पहिला घोट थेट पोटात गेला. दुसरा नाकातून बाहेर आला. तिसऱ्या खेपेला पाणी बादलीत पडायला लागलं. बादली भरली. दुसरी भरली. मग पातेली, टब, प्रेशर कुकर, लग्नात मिळालेली फुलदाणी! दर टक्‌सरशी चष्मेवाले ओरडायचे, "भांडं!" आणि बायको हाताला लागेल ते घेऊन धावायची. या धावपळीत टबाला कुणाचा तरी पाय लागला. कुणाचा, यावर त्या घरात आजही एकमत नाही.

पाच मिनिटांत दार ठोठावलं गेलं. दारात वकीलसाहेब.

"माझ्या टेबलावर वरून पाणी गळतंय! आणि ते खारट आहे!"

"खारट कसं कळलं?"

"चव घेतली!"

"चव कशाला घेतलीत?"

"पुरावा नको?"

टक्!

"हा कसला आवाज?" वकीलसाहेबांनी विचारलं. चष्मेवाल्यांनी काचेची रेघ दाखवली. वकीलसाहेब पांढरेफटक पडले. चाळीस वर्षांचे दावे खाली उघड्यावर पडलेले! मग मात्र त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि टाकीच्या डाव्या बाजूला खांदा लावून उभे राहिले. उजवीकडून चष्मेवाल्यांनी टाकीला मिठी मारली.

"सोडू नका!"

"तुम्हीच सोडू नका!"

बरोबर पाच वाजता डॉक्टर आणि धाकटी आत आले. डॉक्टरांच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. समोर यजमान आणि एक अनोळखी गृहस्थ टाकीला दोन्हीकडून कवटाळून उभे, चष्मेवाल्यांची बायको हातात फुलदाणी घेऊन उभी, आणि घरभर पाणी!

"साडूभाऊ, काय झालं?"

"काही नाही," चष्मेवाले मिठी न सोडता म्हणाले. "बसा. चहा होतोय."

टक्!

डॉक्टर थबकले. बिस्किटांचा पुडा धाकटीच्या हातात देऊन ते टाकीसमोर वाकले. पाणी निम्म्यावर आलं होतं आणि वाळू खाली बसल्यामुळे पहिल्यांदाच आतलं नीट दिसत होतं. दगडाखाली मोठी कोळंबी नांगी उगारून उभी होती. चाळणमास्तर तिच्या घरात तोंड खुपसून तिची वाळू पळवायला बघत होते. त्यांनी तोंड पुढे केलं की कोळंबी नांगी मिटायची. टक्!

"अहो, काच कसली!" डॉक्टर हसायला लागले ते थांबेचनात. "कोळंबी आहे ही! नांगी वाजवतेय!"

"पण तडा?"

डॉक्टरांनी बोटानं रेघ पुसली. ती त्यांच्या बोटाला चिकटून आली. केस होता. पिकलेला.

वकीलसाहेबांनी खांदा काढला, कोट घातला आणि "याची नोटीस येईल," एवढंच म्हणून गेले. डॉक्टरांनी चष्मेवाल्यांना समजावलं, हा मासा आणि ही कोळंबी एका घरात राहणं अशक्य. कुणीतरी एकानं जायला हवं. "योग्य जोडीदार मिळेपर्यंत कोळंबी माझ्याकडे ठेवतो," असं म्हणून त्यांनी तिला त्याच फुलदाणीतून घरी नेलं. चष्मेवाल्यांनी ओल्या फरशीवर उभं राहून "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आठवडा गेला. एका संध्याकाळी दुकान बंद करून चष्मेवाले आपल्या कोळंबीची खबर घ्यायला साडूकडे गेले आणि टाकीसमोर येऊन बघतात तर काय! मोठ्या कोळंबीनं डॉक्टरांच्या लहान कोळंबीला कोपऱ्यात हाकललं होतं आणि ऐसपैस नवं बीळ खणलं होतं. दारात तोच पिवळा मासा! आणि कोळंबीची मिशी त्याच्या पाठीवर! त्यांच्याकडे असताना तिनं एकदा तोंड दाखवलं नव्हतं, आणि इथे चांगली गृहिणी झाली होती! माणसं तर माणसं, कोळंबीलासुद्धा साडूचंच घर आवडावं?

"छान रमली ना?" चष्मेवाले कसंबसं म्हणाले.

पण डॉक्टरांचा चेहरा पडलेला होता. ते वाळूकडे बोट दाखवत होते. वाळूवर शेवाळाची तपकिरी साय धरली होती.

"साडूभाऊ, खरं सांगू?" ते हळूच म्हणाले. "त्या दिवसापासून तुमचा तो ठिपक्यांचा मासा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. काय रुबाब आहे! वाळू चाळून लख्ख करतो म्हणे. तुम्हाला तो निवडायचं सुचलं आणि मला सहा वर्षांत सुचलं नाही, याचंच वाईट वाटतं. देता का मला?"

चष्मेवाल्यांना क्षणभर काही ऐकू येईना. साडू जळत होता! त्यांच्यावर! बावीस वर्षांत पहिल्यांदा!

"अहो, काय बोलताय!" ते ताठ होत म्हणाले. "घरातला प्राणी आहे तो! त्याला पोटच्या पोरासारखा जपतो मी. कोळंबी ठेवून घ्या हवं तर. पण तो? नाव काढू नका!"

घरी परतताना त्यांनी एकही सिग्नल चुकवला नाही. शीळसुद्धा वाजवली. वाळू उडवली तर उडवू दे! सगळी खोली वाळूनं भरली तरी चालेल! जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या चढत ते वर आले आणि बूट न काढताच टाकीकडे गेले.

टाकीतलं पाणी आरशासारखं नितळ होतं. वाळू सपाट होती. कुणीही ती उडवत नव्हतं.

"मासा कुठाय?"

"दिला धाकटीला," बायको आतून म्हणाली. "तासभर झाला असेल, आली आणि घेऊन गेली. परवा डॉक्टरांचा वाढदिवस आहे ना, तिला त्यांना चकित करायचंय. तोवर शेजारणीकडे लपवून ठेवणार आहे. तुम्ही तर रोज म्हणायचात, कुणीतरी घेऊन जा रे याला!"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. पुष्कळ काही बोलायचं होतं. तेवढ्यात बायको चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली आणि कधी नव्हे ती त्यांच्याकडे मायेनं बघत म्हणाली, "धाकटी तर दहादा म्हणाली, भाऊजींसारखं मोठं मन आमच्या ह्यांचं नाही."

चष्मेवाल्यांनी तोंड मिटलं. कप घेतला. खुर्ची ओढून टाकीसमोर बसले.

"म्हटलं देऊन टाकावा," ते रिकाम्या टाकीकडे बघत म्हणाले. "आपल्याला काय कमी आहे!"