कपाटातला बेकरीवाला

पुराव्याशिवाय आपण कुणावर संशय घेत नाही, असं धाकटा छातीठोकपणे सांगायचा. नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत! निवळशंख पाण्याकडेही तो चोराकडे बघावं तसा बघायचा. सध्या मात्र त्याचा संशय थोरल्या बहिणीवर होता.

घटस्फोट घेऊन ताई माहेरी आली तेव्हा नुसती भिंतीकडे बघत बसायची. आणि आता? रोज दुपारी खोलीचं दार बंद. एवढ्या उकाड्यात पंखाही बंद! बाहेर यायची ती घामाघूम, केस विस्कटलेले, गाल टोमॅटोसारखे लाल, आणि वर गुणगुणत!

"आई, काहीतरी शिजतंय."

"हो, बटाटे," आई म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी त्याने भिंतीला पेला लावला आणि पेल्याला कान.

"थांब, बटण मी काढते." हा ताईचा आवाज.

"घाई काय आहे?" दुसरा आवाज. दबका, घोगरा, पुरुषी!

"तुझ्या हातांना ताज्या पावाचा वास येतो रे..."

धाकट्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाक्यावरचा बेकरीवाला! तरीच हल्ली घरात रोज टोस्ट! तो तडक बेकरीत धावला. गल्ल्यावर बेकरीवाल्याची बायको होती.

"काका कुठायत?"

"दुपारी नसतात. कुठे तडमडतात देव जाणे!"

"मला माहितेय!" धाकटा बोलून गेला.

पुढच्याच क्षणी तो घराकडे पळत होता आणि मागून काकू लाटणं घेऊन येत होत्या.

दाराशी दोघांनी कान टवकारले. आतून आवाज आला, "थांब, बटण मी काढते."

"अजून?" काकू कडाडल्या. "ह्यांच्या शर्टाला एवढी बटणं आली कुठून? दोन तर माझ्याकडून लावायचीच राहिलीयत!"

धाकट्याने दाराला खांद्याने धडक दिली. कडी निखळली. खोलीत कुणीच नाही! कपाट मात्र कुजबुजत होतं. त्याने कपाटाची दारं खेचली आणि ओरडला, "कोण आहे आत? ती कुठे जाते, काय करते, कुणाशी बोलते, मला सगळं कळलंच पाहिजे!"

आधी दोन रजया त्याच्या डोक्यावर कोसळल्या. मग बाहेर आली ताई. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात माईक.

"झालं समाधान?" ती रडवेली झाली. "ऐकायच्या पुस्तकांसाठी कादंबरी वाचत होते मी! घटस्फोटानंतर स्वतःला शोधणारी बाई आणि तिला भेटलेला बेकरीवाला. दोन्ही आवाज माझेच. रजयांमुळे बाहेरचा गोंगाट येत नाही. आज संध्याकाळपर्यंत नमुना पाठवला तरच काम मिळणार होतं!"

"मग लपवायचं कशाला?"

"ती बटणं आईसमोर काढू? आणि संसारात साधं खिडकीशी उभं राहिलं तरी कारण द्यावं लागायचं रे. एक गोष्ट तरी कुणाला न सांगता करून बघायची होती."

काकूंनी दुकानातल्या पोऱ्याला फोन लावला. काका गोदामात मैद्याच्या पोत्यांवर घोरत होते.

"म्हणजे बटणं काढणारा तो गोष्टीतलाच?" काकूंनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता की निराशेचा, हे सांगणं अवघड होतं.

"आण इकडे," धाकटा खाली मान घालून म्हणाला. "माझा आरडाओरडा कापून देतो. अचूक काम! काळजीच नको!"

त्याने कापलं, तपासलं आणि पाठवलंसुद्धा. पाठवल्यावर कळलं की कापलेलं मोबाईलमध्येच राहिलं आणि न कापलेलं ऐकायची पुस्तकं काढणाऱ्या निर्मातीबाईंकडे पोचलं.

निर्मातीबाईंचा फोन आला. ताईने स्पीकर लावला.

"काम तुमचंच!" निर्मातीबाई म्हणाल्या. "पण नायिकेचा आधीचा नवरा कुणाकडून वाचून घेतलात हो? काय अस्सल आवाज! दोन वाक्यांत घर सोडून जावंसं वाटतं!"

ताईने डोळे पुसले, जमिनीवरच्या रजया उचलल्या आणि कपाटाकडे बोट दाखवलं.

"नवरोबा, शिरा आत. पहिल्या प्रकरणात तुम्हीच बोलताय."