दुसऱ्या बाजूवरची आरोळी

नव्या तबकडीचं वेष्टण कवळीवाल्यांनी नखाने हळूच सोडवलं, तेव्हा समोर बसलेल्या मेहुण्यांनी घड्याळ पाहिलं. पुढे काय होणार ते त्यांना पाठ होतं.

कवळीवाल्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवल्या, पण आयुष्याची खरी मिळकत त्यांच्या मते एक आरोळी होती. तरुणपणी केस खांद्यापर्यंत वाढवून ते माळावरच्या एका संगीत महोत्सवाला गेले होते. तीन दिवस नुसता चिखल, आणि सरकार, आईबाप व साबण या तिघांचाही कडक निषेध. तिथल्या गाण्यांची पुढे तबकडी निघाली. तिच्या दुसऱ्या बाजूवर गिटारवाला तारा जुळवत बसतो, बसतो आणि बसूनच राहतो. मग गर्दीतून एक घोगरी आरोळी येते, "अरे बाबा, वाजव की आता." लोक हसतात आणि गाणं सुरू होतं.

ती आरोळी कवळीवाल्यांची. घरी आलेल्या माणसाला ती ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे. मुलीचं लग्न ठरवायला आलेल्या व्याह्यांनी ती दोनदा ऐकली होती आणि तरीही होकार दिला होता. आता तोच महोत्सव नव्याने, जाडजूड तबकडीवर, 'आवाज संपूर्ण स्वच्छ करून' निघाला होता.

सुई टेकली. गिटारवाल्याने तारा जुळवल्या. कवळीवाल्यांनी बोट वर केलं.

गाणं सुरू झालं.

"आरोळी राहिली का?" मेहुण्यांनी विचारलं. त्यांची हयात विमा कंपनीत लोकांचे दावे खोटे पाडण्यात गेली होती. "भावोजी, तुम्ही कदाचित मनातल्या मनात ओरडला असाल."

कवळीवाल्यांनी सुई चार वेळा मागे नेली. चारही वेळा आरोळी आली नाही. त्या दिवशी मेहुण्यांना आयुष्यात पहिल्यांदा चहा वेळेवर मिळाला, आणि तो त्यांनी फार चवीने प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवळीवाले तबकडी काखेत मारून ती काढणाऱ्या कंपनीत हजर झाले. गोळ्यांची डबी आणि मफलर घेऊन बायको मागोमाग होतीच. आवाज स्वच्छ करणारी मुलगी गळ्यात हेडफोन अडकवून बसली होती.

"गर्दीचा गोंगाट काढलाय, काका. खोकले, कुत्री, आरडाओरडा. सगळा कचरा."

"त्या कचऱ्यात मी होतो."

मुलीने सुस्कारा सोडला. "तुम्ही सहावे. आधीच्या पाचांनीही आरोळी आपलीच म्हणून शपथेवर सांगितलं. त्यातल्या एकाचा जन्म महोत्सवानंतर दोन वर्षांनी झालाय."

तरी मुलगी भली होती. नव्या आवृत्तीत आरोळी परत घालायला ती तयार होती. फक्त ज्याची असेल त्याची सही हवी, असं कंपनीच्या वकिलाचं म्हणणं होतं. तिने कवळीवाल्यांना काचेच्या खोलीत उभं केलं आणि ओरडायला सांगितलं. पहिल्या आरोळीला कवळी हलली. दुसरीला ठसका लागला. तिसरी मात्र अशी बसली की बाहेरचा शिपाई दार उघडून आत डोकावला.

"आता मूळ टेप ऐका," मुलगी म्हणाली. "तेव्हा जुन्या तबकडीवर सगळं जरा हळू फिरलं होतं. म्हणून सगळ्यांचे आवाज जाड आले. गायकाचासुद्धा."

कवळीवाले चपापले. त्या गायकाच्या जाड आवाजाची नक्कल करताना त्यांच्या अख्ख्या पिढीने घसे बसवून घेतले होते.

टेप फिरली. तारा जुळल्या, जुळल्या, जुळतच राहिल्या. मग एक बारीक, खणखणीत बायकी आवाज आला: "अरे बाबा, वाजव की आता. मला अंधार पडायच्या आत घर गाठायचंय."

कवळीवाले मान न वळवता हळूच बायकोकडे बघू लागले. ती मफलरची घडी घालत होती.

"किती वेळ तारा पिळत होता मेला," ती म्हणाली. "मी घरी मावशीकडे जाते म्हणून सांगितलं होतं."

"तू? आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्हीच सांगितलंत ना, माझी आरोळी म्हणून. इतके खुलून सांगत होतात. म्हटलं, राहू दे. मला काय तिचं लोणचं घालायचं होतं?"

कवळीवाल्यांना बसायला खुर्ची लागली. आपण ओरडलो होतो हे त्यांना अगदी स्वच्छ आठवत होतं; छाती भरून आली होती, आजूबाजूचे लोक वळून बघत होते.

"अजून एक आवाज आहे," मुलगी म्हणाली. "जुन्या तबकडीवर आरोळीच्या शेवटासकट हशात बुडाला होता." तिने टेप पुढे सोडली. आरोळीला अगदी चिकटून एक तरुण, शिस्तीचा पुरुषी आवाज उमटला: "अहो बाई, ओरडू नका. कलाकाराला त्रास होतो."

कवळीवाल्यांनी मान खाली घातली आणि बुटांच्या नाड्या तपासल्या.

"हा कुणाचा ते कळायला मार्ग नाही," मुलगी म्हणाली. "पुसून टाकते."

"पुसू नकोस, बाळ," बायको म्हणाली. "त्यांचीही सही मी मिळवून देते. घरचेच आहेत."

दोन महिन्यांनी नवी आवृत्ती आली. मेहुणे पुन्हा बोलावले गेले. सुई टेकली, तारा जुळल्या आणि आरोळी खोलीभर घुमली. मेहुणे ताठ झाले.

"ताई, हा तुझा आवाज. म्हणजे तेव्हा तू मावशीकडे..."

"नव्हते," ती म्हणाली.

आयुष्यभर दावे तपासलेल्या मेहुण्यांना हा घरचाच दावा तपासायचा राहिल्याचं फार लागलं. मग त्यांनी कान टवकारले. "आणि हा मधेच शिस्त लावणारा बावळट कोण?"

कवळीवाल्यांनी चहाचा कप उचलून तोंडासमोर धरला.

"असेल कुणीतरी," ते म्हणाले. "असली माणसं कुठेही घुसतात."

बायकोने सुई उचलली आणि पुन्हा थोडी मागे नेऊन ठेवली.