काळी की लाल

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दोन गिटारी भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक काळी आणि एक लाल. त्यातली एक सकाळी पुण्याच्या दुकानात परत द्यायची होती. दुकानदार ओळखीचा, म्हणून त्यानं दोन्ही वाजवून बघायला दिल्या होत्या. सुदर्शन आणि त्याची चुलत बहीण अश्विनी यांच्या मेटल बँडची रविवारी पुण्यात स्पर्धा होती. गिटार सुदर्शन वाजवणार आणि गाणार अश्विनी. गाणार म्हणजे पोटातून खर्जात गुरगुरणार. मेटलमध्ये त्यालाच गाणं म्हणतात.

हे घरात वाजवायची सोय नव्हती. सुदर्शनची आधीची गिटार त्याच्या वडिलांनी, दादाभाऊंनी, भंगारवाल्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं ठेवली होती. घरात त्यांना आबा म्हणत. आबांचा आवाज कधी चढत नसे, तरी महाळुंगे पडवळ गावात त्यांच्यासमोर फारसं कोणी तोंड उघडत नसे. म्हणून दिवस मावळताना दोघं उसाच्या कडेनं लपतछपत इथं आले, गिटारीचा आवाज वाढवणारा ॲम्प जोडला आणि पत्र्याचं दार ओढून घेतलं.

"काळीचा आवाज जाड हाय," अश्विनी म्हणाली. "तार सैल केली तरी गच्च वाजती. माझ्या आवाजाला तीच पायजे."

"लालीची मान बारीक हाय. बोटं पळत्यात."

"आन मोठ्यानं वाजवली की घूं घूं करती, त्याचं काय?"

दोन्ही आळीपाळीनं वाजवून झाल्या, वाद काही मिटेना. उकडायला लागलं म्हणून सुदर्शननं दार थोडं उघडलं आणि तो तसाच थिजला. समोरच्या बांधावर बिबट्या बसला होता.

"अशे, हलू नको."

अश्विनीनं फटीतून पाहिलं. दाराला आतून कडी नव्हती.

"काळी वाजव," ती पुटपुटली. "जोरात."

सुदर्शननं काळी वाजवली. वरचा पत्रा हादरला. बिबट्यानं कान टवकारले आणि निवांत ऐकायला मिळावं तशी पंज्यांवर हनुवटी टेकली. मग लाल वाजवली, तर त्यानं जांभई दिली. त्यात सगळे दात दिसले. नंतर तो उठला आणि खोलीच्या दिशेनं चालू लागला. तेवढ्यात लाईट गेली आणि ॲम्प मुका झाला.

अश्विनीनं डोळे मिटले आणि, भीतीनं म्हणा की सवयीनं, असा काही खर्ज लावला की सुदर्शनच तिच्यापासून लांब सरकला. ती थांबली तेव्हा बांध मोकळा होता. उसाची पानं सळसळत दूर गेली.

दोघं भिंतीला टेकून धापा टाकत होते, तोच बाहेर पावलं वाजली आणि दाराची बाहेरची कडी खाडकन लागली.

"घावला," शेजारच्या वावरातला सावळेराम म्हणाला. "मगाधरनं गुरगुरत व्हता. म्या या कानानं ऐकला, दादाभाऊ. लई मोठा हाय."

"दाराजवळ कोणी जाऊ नका," आबांचा आवाज आला. "वनखात्याला फोन लावा."

आत अश्विनी कुजबुजली, "दादा, सांग की आपण हाय म्हणून."

"आबा हायत बाहेर."

"मग काय करायचं?"

"तू आजून एकदा गुरगुर. वनखात्याची माणसं घिऊन जात्याल आपल्याला."

बाहेर आबा म्हणत होते, "आमचं पोरगं मंचरवरनं याच वाटनं यील. त्याला सांगतो इकडं येऊ नको."

सुदर्शनच्या खिशातला फोन खणखणीत वाजला. बाहेरची माणसं दोन पावलं मागं सरली.

"दादाभाऊ," सावळेराम हळूच म्हणाला, "बिबट्याकडं मोबाईल हाय."

कडी निघाली. बॅटरीचा उजेड लाल गिटारीवर पडला, काळीवर पडला आणि सुदर्शनच्या तोंडावर येऊन थांबला.

"ह्याच्यानं काढला तो आवाज?" आबांनी विचारलं.

भीतीनं सुदर्शन खरं बोलून गेला. "न्हाई. अश्विनीनं. नुसत्या तोंडानं. खरा बिबट्या आला व्हता, तो तिला भिऊन पळाला."

सावळेरामनं बॅटरी खाली धरली. ओल्या मातीत ताजे पंजे उमटले होते. त्याला एकदम गाईची धार काढायची आठवली, आणि त्याच्याबरोबर आलेली माणसंही भराभर पांगली.

आबा पंज्यांकडं बघत राहिले. "म्हंजी गिटारीनं पळाला न्हाई."

"न्हाई."

"मग सकाळी दोन्ही परत कर."

रविवारची स्पर्धा गेली. त्यानं मुकाट्यानं दोन्ही गिटारी खांद्याला अडकवल्या आणि तिघं अंधारत्या बांधावरून घराकडं निघाले. पुढं आबा, मागं दोघं. थोडं चालून गेल्यावर बाजूच्या उसात काहीतरी सळसळलं. आबा थांबले.

"अश्विनी," ते म्हणाले, "तू पुढं हो."

अश्विनी जागची हलली नाही. आबांसमोर ती कधी बोलली नव्हती, पण आता बोलली. "काळी ठेवायची का, आबा?"

आबांनी तिच्याकडं पाहिलं. ऊस पुन्हा सळसळला, या खेपेला जवळ.

"ठेव बाई," आबा म्हणाले. "पण हो पुढं."