मौनाची पोच

गावाशेजारच्या सिमेंट कंपनीचं एक पत्र मी अनुत्तरित ठेवलं होतं. ‘वेदान्ताधिष्ठित नैतिक नेतृत्व’ या उपक्रमाचे मार्गदर्शक व्हावे, अशी निवृत्त संस्कृत शिक्षक म्हणून मला विनंती होती. होकाराची पात्रता माझ्यात नव्हती आणि नकाराचा मसुदा जमेना. त्यातले ‘तथापि’ खोडता खोडता पावसाळा गेला.

मग कंपनीचंच दुसरं पत्र आलं : ‘आपले मौन प्राप्त झाले. तेच सर्वोच्च मार्गदर्शन असल्याचे संचालक मंडळाने एकमताने मान्य केले आहे.’ फाटकावर फलक लागला. वर तत्त्व, ‘आत्मा अकर्ता आहे’. खाली माझं नाव.

अंमलबजावणी तातडीने झाली. व्यवस्थापक साक्षीभावात गेले. तक्रार कक्षाचा ‘साक्षी कक्ष’ झाला. तिथे तक्रार शांतपणे ऐकली जाई. कर्ताच कोणी नसल्यामुळे केलं मात्र काही जात नसे.

कार्तिकात शेजारच्या कुंताबाई ओंजळभर कापूस घेऊन आल्या. कापूस राखाडी होता.

“गुरुजी, व्यापारी म्हणते, हा कापूस हाये का सिमेंट? अर्धाच भाव देऊन राह्यला. कंपनीत गेली, तं साहेब म्हणे, धूळ उडते, कोणी उडवत नाई. अन् तुमचं नाव दाखवलं!”

“मी तर काहीच बोललो नाही, कुंताबाई.”

“तेच तं दाखवून राह्यले! पुढच्या आठवड्यात तलाठी पंचनाम्याले येते. त्याले बी तोच फलक दाखवतीन. मंग मले भरपाई कोण देईन, तुमचा आत्मा?”

मी लिहायला बसलो. ‘नाही’ एवढंच लिहिलं. लगेच शंका आली, हे लोक त्याला ‘नेति नेति’ समजतील. कोरा कागद पाठवला, तर चौकटीत लावतील.

“काऊन खोडून राह्यले? टपालपेटी उघडाची वेळ झाली!”

शेवटी लिहिलं : ‘धूळ आपण उडवता. भरपाई आपण द्यावी. माझे नाव उतरवावे.’ एकही ‘तथापि’ नव्हता. प्रत तलाठ्यासाठी कुंताबाईंच्या हाती दिली.

“पण गुरुजी, तुमच्या जागी ते दुसरा पाहतीन ना?”

हे खरंच होतं. म्हणून ताजा कलम जोडला : ‘रिक्त पदासाठी उमेदवारांची कमतरता भासणार नाही. ही हकिकत मी छापायला देत आहे. ती वाचून, मान डोलावून, गप्प बसणाऱ्यांची नावे मागाहून कळवतो.’

पेटीपाशी मला एक शब्द बदलावासा वाटला. कुंताबाईंनी पाकीट माझ्या हातातून ओढलं आणि आत टाकलं.