वासुदेवरावांचा आग्रह

पानावर आडवा धरलेला हात वासुदेवरावांना दिसत नसे. एरवी नजर उत्तम. तहसील कचेरीच्या ओट्यावरून कटंगीच्या बसमध्ये कोण चढलं ते सांगत. पण पंगतीत हातात बुंदीची परात आली, की जेवणाऱ्याचा हात दिसायचा बंद. बोटांच्या फटीतून वाढत.

"बस हो काकाजी, पोट भरलं," म्हणावं, तर म्हणत, "पोटाले कोन इचारते? मन भरलं का, थे सांगा!"

बालाघाटात तेव्हा चहूकडून माणसं येत होती. फाळणीनंतर आलेले सिंधी, खाणीवरचे तेलुगू, खेड्यांतून शहरात आलेले पोवार, आणि जागचं न हलता नागपूरच्या कारभारातून भोपाळच्या कारभारात गेलेली आमच्यासारखी मराठी घरं. लग्न कोणाचंही असो, वाढायला वासुदेवराव. आमंत्रण आलं तर ठीक, नाही तर धोतर खोचून तसेच हजर.

गावाला पथ्य सांगणाऱ्या बंगाली डॉक्टरांनाही त्यांनी एकदा गाठलं. "डाक्टरसाहेब, तुमी तर बीमार नाही ना? मंग घ्या!" दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद होता. माझं म्हणाल, तर माझ्या सदऱ्याच्या खालच्या गुंड्या त्यांच्याच राज्यात तुटू लागल्या. बायको म्हणे, "तुम्हाला मेलं नाही म्हणताच येत नाही." येत होतं हो! म्हणायला तोंड रिकामं मिळत नव्हतं.

वासुदेवरावांची बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी, कुसुम. तिच्या लग्नाची पंगत हा त्यांचा जन्माचा बेत. "माह्या कुसुमच्या लग्नात पाहाल तुमी! पानावरून उठवाले मानसं ठेवा लागतीन!"

ती पंगत बसलीच नाही. कुसुमनं कापडवाल्या सिंध्यांचा मोहन पसंत केला. मुलगा सालस. एके दिवशी एकटाच त्यांच्या ओसरीवर आला आणि उभ्याउभ्याच, हात जोडून, त्यानं कुसुमला मागणी घातली. आम्ही शेजारी अर्थातच खिडकीशी होतो. वासुदेवरावांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"नाही," म्हणाले.

बस म्हणाले नाहीत, पाणी विचारलं नाही. मोहननं चपला घातल्या आणि तो गेला. पुढे दोघांनी रायपूरला कोर्टात लग्न केलं आणि तिकडेच राहिले.

वासुदेवराव दुसऱ्यांच्या पंगती वाढत राहिले. कोणी विचारलं, "कुसुम कशी आहे?" तर ऐकलं न ऐकलं करून पुढच्या पानाकडे सरकत. घरी मात्र एकट्यापुरता भात टाकत. काही वर्षांनी त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे. मोहनच्या बापाच्या दुकानात जाऊन म्हणाले, "लेकरांले एकदा या म्हना."

रविवारी दोघं आली. सोबतीला आम्हा नवराबायकोला बोलावणं होतं. काकाजी पहाटेपासून चुलीशी. ओसरीवर पळसाच्या चार पत्रावळी मांडल्या, भोवती रांगोळीसुद्धा, वाकडीतिकडी.

मोहन वाढलं ते खात होता. लाडू पडला, खाल्ला. दुसरा पडला, तोही खाल्ला. हात आडवा नाही, मान हलवणं नाही. वासुदेवराव गडबडले. समोरचा नको म्हणेल तेव्हा त्यांचा आग्रह खुलायचा. इथे कोणी नको म्हणतच नव्हतं. आणि थांबावं कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मोहनच्या कपाळावर घाम आला. कुसुम त्याला डोळ्यांनी खुणावत होती.

शेवटी काकाजी परात कमरेवर टेकवून म्हणाले, "अहो जावईबापू, नको असन तर नाही म्हना ना! मी काय बैहरच्या जंगलातला वाघ आहो?"

मोहननं घास गिळला. खाली पाहतच म्हणाला, "बाबूजी, आपको 'ना' कैसे कहूँ? 'ना' सुनकर इस दरवाज़े से लौटना कैसा लगता है, मैं जानता हूँ।"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं; काकाजींनी परतवला असता.

त्यांनी परात खाली ठेवली. मग म्हणाले, "कढी थंडी झाली वाट्टे. गरम करून आनतो," आणि रिकाम्या हातांनी आत गेले.

कढीचं भांडं आमच्या मधोमध वाफाळत होतं. कुसुम उष्ट्या हातानंच उठली आणि त्यांच्यामागे गेली. बराच वेळ दोघांपैकी कोणी बाहेर आलं नाही. आम्ही तिघं त्या कढीची वाफ विरेपर्यंत बसून राहिलो. वाढून घ्यायचा धीर कोणालाच झाला नाही.